घाबरायचं त्याने, हसायचं आपण

एक प्रयोग करून बघा. आज रात्री हॉस्टेलच्या खोलीतले दिवे घालवा, चार मित्र गोळा करा आणि 'झपाटलेला' लावा. आधी दहा वेळा पाहिला असेल तरी चालेल. फक्त या वेळी तात्या विंचूकडे बघू नका. बाहुला डोळे फिरवेल, मान वळवेल, पण तुमची नजर त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसावरून हलू देऊ नका. त्याचे डोळे बघा, ओठ बघा. आवाज घशात नेमका कुठे अडकतो ते ऐका.

सिनेमा संपेपर्यंत तुमच्या लक्षात येईल की बाहुला आपल्याला खरा वाटतो, कारण हा माणूस त्याला खरोखर घाबरतोय. आणि आपल्याला हसू फुटतं, तेही याच माणसामुळे. भीती आणि हसू, दोन्हींचं बटण एकाच्याच हातात आहे. तो म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. आपला लक्ष्या.

१६ डिसेंबर २००४ ला तो गेला. आज कॉलेजात असलेल्या बहुतेकांचा तेव्हा जन्म व्हायचा होता, किंवा आपण पाळण्यात होतो. म्हणजे आपल्या पिढीने त्याला जिवंतपणी पाहिलेलंच नाही. तरी तुमच्या ग्रुपवर त्याचे स्टिकर आहेत, परीक्षेच्या आदल्या रात्री त्याचे मीम फिरतात आणि रविवारी दुपारी टीव्हीवर त्याचा सिनेमा लागला की घरातल्या तिन्ही पिढ्या एकाच जागी बसतात. त्याचा चेहरा सगळ्यांना पाठ आहे. त्या चेहऱ्यामागच्या माणसाबद्दल मात्र आपल्याला फार थोडं माहीत असतं.

मध्यरात्रीचा यजमान

लक्ष्याकडे जाण्याआधी जरा लांब जाऊन येऊ. १९५४ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या केएबीसी या स्थानिक टीव्ही स्टेशनपुढे एक अडचण होती. रात्री उशिरा दाखवायला जुने, स्वस्तात मिळालेले भयपट होते, पण ते बघणार कोण? त्यांनी माइला नुर्मी नावाच्या तरुणीला उभं केलं. काळा घट्ट झगा, लांबलचक नखं, चिमटीत मावेल अशी कंबर. धुक्याने भरलेल्या बोळातून ती कॅमेऱ्याकडे चालत यायची, जिवाच्या आकांताने किंचाळायची आणि लगेच गोड हसायची. मग सोफ्यावर रेलून त्या रात्रीच्या सिनेमाची थट्टा करायची. पात्राचं नाव व्हँपायरा. टीव्हीवर भयपटाची ओळख करून देणारी ती पहिली यजमान मानली जाते.

पुढे १९५७ मध्ये युनिव्हर्सल कंपनीच्या ५२ जुन्या चित्रपटांचा एक गठ्ठाच अमेरिकेतल्या टीव्ही स्टेशनांना विकला गेला आणि गावोगावच्या स्टेशनांनी आपापला भुताटकीचा यजमान तयार केला. कुणी शवपेटीतून उठायचा, कुणी कवटीशी गप्पा मारायचा. काम सगळ्यांचं एकच होतं. सिनेमातलं भूत आणि घरातला प्रेक्षक यांच्या मधोमध उभं राहायचं आणि प्रेक्षकाला सांगायचं की घाबर बिनधास्त, मी आहे ना इथे.

आपल्याकडे असा यजमान कधी रुजला नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण मध्यरात्री भयपट दाखवून त्यावर विनोद करणं हे काही सरकारी टीव्हीचं काम नव्हतं. १९९३ मध्ये झी टीव्हीवर रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' आला, तो सरळसरळ घाबरवणारा. मधोमध उभं राहणारं कुणी त्यात नव्हतं. पण त्याच वर्षी मराठीत 'झपाटलेला' आला आणि ते काम एका नटाने सिनेमाच्या बाहेर न उभं राहता सिनेमाच्या आत शिरून केलं. योगायोग बघा. व्हँपायराचा कार्यक्रम सुरू झाला मे १९५४ मध्ये, आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला मुंबईत लक्ष्मीकांत बेर्डेचा जन्म झाला.

गिरगावातला पोरगा

गिरगावातला कुंभारवाडा. दाटीवाटीची वस्ती, मोठं कुटुंब आणि पैशांची कायमची ओढाताण. घराला हातभार लावायला लहानग्या लक्ष्मीकांतने लॉटरीची तिकिटं विकली. रस्त्यावर तिकीट विकणाऱ्या पोराला एक गोष्ट लवकर कळते. समोरून जाणारा माणूस थांबला तरच आपला धंदा. त्याला कसं थांबवायचं, हे कुठल्याच नाट्यशाळेत इतकं पक्कं शिकवत नाहीत.

गिरगाव म्हणजे गणेशोत्सव आणि गणेशोत्सव म्हणजे मांडवातली नाटकं. लक्ष्मीकांत तिथे उभा राहिला, मग शाळा-कॉलेजच्या नाट्यस्पर्धांमध्ये चमकला. पुढे त्याने मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी धरली. साहित्य संघाचं नाट्यगृह गिरगावातच. दिवसा तिथलं काम, संध्याकाळी समोरच्या रंगमंचावर मोठमोठे नट. ते बघत बघत त्यालाही छोट्या भूमिका मिळू लागल्या.

छोट्या भूमिकांचा हा काळ बराच लांबला. आपण त्याला एकदम सुपरस्टार म्हणूनच ओळखतो, म्हणून ही वर्षं नजरेआड होतात. त्याला खरं यश मिळालं ते पुरुषोत्तम बेर्डे यांच्या 'टूरटूर' या नाटकाने, ८०च्या दशकाच्या सुरुवातीला. तोवर त्याने तिशी गाठत आणली होती. एमपीएससीच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात असलेल्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

'टूरटूर'ने तरुण प्रेक्षक नाटकाकडे खेचून आणला. रंगमंचावरची त्याची गती, वाक्य बोलता बोलता मध्येच अडखळण्याची लकब, शरीराचा प्रत्येक सांधा वेगळा नाचतोय असं वाटायला लावणारं चालणं, हे सगळं प्रेक्षकांनी उचलून धरलं. पाठोपाठ सिनेमा आला. 'लेक चालली सासरला'मध्ये महेश कोठारे आणि तो एकत्र आले. १९८५ मध्ये कोठारेंनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'धूमधडाका'ने त्याला महाराष्ट्रभर पोचवलं. १९८७ ला 'दे दणादण'. १९८८ ला सचिन पिळगावकरांचा 'अशी ही बनवाबनवी', ज्यात त्याने परशुरामची पार्वती होऊन जी धमाल केली ती आजही संवादासकट पाठ असणारे प्रत्येक वर्गात निदान चार जण निघतात. १९८९ ला 'थरथराट' आणि पुरुषोत्तम बेर्डेंचा 'हमाल दे धमाल'. त्याच वर्षी हिंदीत 'मैंने प्यार किया', आणि पुढे १९९४ ला 'हम आपके हैं कौन'मधला लल्लू.

सिनेमातल्या पात्राचं नावही लक्ष्या आणि नटाचं टोपणनावही लक्ष्या, असं होऊन बसलं. लोक त्याला बेर्डेसाहेब म्हणत नव्हते. घरातल्या पोराला मारावी तशी हाक मारत होते. हे प्रेम मोठं होतं. पण त्यात एक अट लपलेली होती. घरातल्या पोराने कायम तसंच राहायचं.

बाहुल्यासमोर उभं राहणं

आता 'झपाटलेला'. दिग्दर्शक महेश कोठारे. मूळ कल्पना हॉलिवूडच्या 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ च्या चित्रपटाची, पण तो सगळा मामला इथल्या मातीत आणून लावलेला. गुंड तात्या विंचू मरता मरता मंत्राच्या जोरावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला श्रीरंगपूर गावात लक्ष्याच्या घरी येऊन पडतो. तात्या विंचूचं काम आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा. बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील य. के. पाध्ये म्हणजे 'अर्धवटराव' या मराठी माणसाच्या लाडक्या बोलक्या बाहुल्याचे जनक.

यातला लक्ष्या कोण आहे, हे आठवतंय? तो बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा आहे. म्हणजे पोटातून आवाज काढून बाहुला बोलतोय असं भासवणारा. आडनावही बोलके. ही निवड फार हुशारीची आहे. ज्याचं कामच मुळात बाहुला बोलतोय असं लोकांना पटवायचं, त्याच्याच घरातला बाहुला एक दिवस खरोखर बोलायला लागतो. आणि तेव्हा कोणीच विश्वास ठेवत नाही. कसा ठेवतील? आयुष्यभर त्याने हीच तर थाप मारलेली असते.

थांबून विचार करा, ही परिस्थिती विनोदी आहे की भयानक? एक माणूस जीव तोडून खरं सांगतोय आणि आख्खं गाव हसतंय. आई हसते, मित्रांना वाटतं याचं डोकं फिरलं. पुढे तर खुनाचा संशयही त्याच्यावरच येतो. कागदावर ही शोकांतिका आहे. लक्ष्याने ती अशी केली की थिएटरात शिट्ट्या पडल्या, पण भीती कुठेही कमी झाली नाही.

त्याने हे कसं जमवलं, ते सीन थांबवून थांबवून बघण्यासारखं आहे. एक, तो घाबरण्याची घाई करत नाही. आधी त्याला दिसतं, मग कळतं आणि मग शरीर हलतं. या दोन-तीन क्षणांच्या फटीत आपलं हसू जमा होतं. दोन, तो भुताची कधीच थट्टा करत नाही. थट्टा होते ती त्याच्या स्वतःच्या घाबरण्याची. त्यामुळे बाहुल्याचा दरारा शाबूत राहतो. तीन, समोर निर्जीव बाहुला असूनही त्याची नजर एखाद्या जिवंत नटासमोर असावी तशी असते. बाहुला हलवण्याचं कसब पाध्यांचं, पण तो हलल्यावर आपल्याला जे वाटतं त्यातला मोठा वाटा लक्ष्याच्या डोळ्यांचा आहे.

अमेरिकेतला तो मध्यरात्रीचा यजमान प्रेक्षकाला सांगायचा की हे सगळं खोटं आहे. लक्ष्या उलटं करतो. तो सांगतो की हे खरं आहे आणि माझी तर पार तंतरली आहे. आपल्यापेक्षा जास्त घाबरलेला कोणीतरी समोर असला की आपण आपोआप थोडे शूर होतो. रात्री शेतावरून येताना चिंचेखालून एकटं जायला जो टरकतो, तोच सोबतीला त्याच्याहून भित्रा मित्र असला की छाती काढून चालतो. खान्देशात हे कुणाला समजावून सांगायला नको, काय भो?

एक होता विदूषक

तुम्ही 'झपाटलेला' दहा वेळा पाहिला असेल, पण त्याच्या आदल्या वर्षीचा 'एक होता विदूषक' पाहिलाय का? बहुतेकांचं उत्तर नाही असंच येईल. लक्ष्याच्या आयुष्यातली खरी ठसठस इथेच आहे.

१९९२. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, लेखन पु. ल. देशपांडे, संगीत आनंद मोडक. गाणी लिहिली ना. धों. महानोरांनी. म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराखालच्या पळसखेडचे, शेंदुर्णीच्या शाळेत आणि जळगावच्या कॉलेजात शिकलेले आपले महानोर. इतकी मोठी माणसं एकत्र आली आणि त्यांनी मुख्य भूमिकेसाठी निवडला तो लक्ष्या.

गोष्ट आबुराव नावाच्या सोंगाड्याची आहे. तमाशात नाचणाऱ्या बाईचा हा मुलगा. तमाशाच्या फडावर लोकांना हसवता हसवता तो मोठा होतो, सिनेमात जातो, स्टार होतो, राजकारणाच्या वाऱ्यालाही लागतो. सगळ्या जगाला हसवणाऱ्या या माणसाची स्वतःची मुलगी मात्र हसत नाही. तिला हसवणं हेच त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होऊन बसतं. यात्रेतल्या तमाशाच्या तंबूत ज्यांनी सोंगाड्याला पाहिलंय, त्यांना हा आबुराव परका वाटणार नाही. रंग पुसल्यावर सोंगाड्या कसा दिसतो, एवढंच या सिनेमात आहे. आणि लक्ष्या त्यात कमाल आहे. तोच चेहरा, तेच डोळे, पण हसू मागे घेतलेलं.

चित्रपटाला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही. लोकांना लक्ष्या हवा होता, आबुराव नको होता. लक्ष्मीकांत बेर्डे हिरमुसला आणि पुन्हा विनोदाकडे वळला. आणखी एक योगायोग म्हणजे दोन्ही चित्रपटांत त्याच्या आईची भूमिका मधू कांबीकरांनी केली आहे. एका वर्षी ती आई तमासगिरीण, दुसऱ्या वर्षी मुलाच्या बाहुल्याला घाबरणाऱ्या गोष्टी हसण्यावारी नेणारी गावाकडची माउली. पहिली आई प्रेक्षकांनी बघितली नाही. दुसरी आजही टीव्हीवर दर महिन्याला भेटते.

आता दोन्ही सिनेमे शेजारी ठेवून बघा. 'झपाटलेला'त लक्ष्या खरं सांगतो आणि गाव हसतं. 'एक होता विदूषक'मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे काहीतरी खरं सांगायला उभा राहिला आणि गाव बघायलाच आलं नाही. श्रीरंगपूरचे लोक आपल्याला मूर्ख वाटतात. पण या दुसऱ्या गोष्टीतलं गाव म्हणजे आपणच, आपले आई-बाबा, आपले काका-मामा.

मुखवटा उतरत नाही

हे फक्त त्याच्याच वाट्याला आलं असं नाही. व्हँपायराचा कार्यक्रम १९५५ मध्येच बंद पडला. तिने एड वूडच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'मध्ये एक मूक भूमिका केली, पण पुढे कामं मिळेनाशी झाली आणि माइला नुर्मीने पोटासाठी लोकांच्या घरात लिनोलियमच्या फरश्या बसवल्या. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्याच दुसऱ्या एका स्टेशनवर एल्व्हायरा नावाची तशीच यजमान आली. नुर्मीने कोर्टात दावा लावला आणि ती हरली. तिचे कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे, त्यामुळे त्यांतले अगदी मोजके तुकडे आज शिल्लक आहेत. लोकांना पात्र हवं होतं. पात्र करणारी बाई कशी जगते, हे कुणी विचारलं नाही.

लक्ष्याचं इतकं वाईट झालं नाही. त्याला काम मिळत राहिलं, प्रेम मिळत राहिलं. पण ९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी सिनेमाच थकला होता, आणि त्याच्या वाट्याला येणाऱ्या भूमिका म्हणजे आधीच्याच भूमिकांच्या झेरॉक्स होत्या. १९९८ मध्ये त्याची पत्नी, अभिनेत्री रुही बेर्डे, गेली. पुढे अभिनेत्री प्रिया अरुणबरोबर त्याने संसार मांडला. अभिनय आणि स्वानंदी ही दोन मुलं. मुलाचं नाव अभिनय आणि त्याच नावाने काढलेली स्वतःची निर्मिती संस्था, अभिनय आर्ट्स. ज्याला सगळे लक्ष्या म्हणत होते, तो स्वतःला काय समजत होता, हे त्या नावातच आहे.

२००४ मध्ये कोठारेंचाच 'पछाडलेला' आला. पुन्हा भूत, पुन्हा हसू. लक्ष्या त्यात होता, पण घाबरण्याची मुख्य जबाबदारी आता भरत जाधव आणि श्रेयस तळपदे यांच्यावर होती. गादी पुढच्या पिढीकडे गेली होती. मूत्रपिंडाच्या आजाराने त्याला गाठलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत तो गेला. वय अवघं ५०. २०१३ मध्ये 'झपाटलेला २' आला, तोही थ्रीडीत. तात्या विंचू परत आला. बाहुला मरत नाही. त्याला घाबरणारा मात्र परत आणता येत नाही.

आणि आता तुमचं काय?

युवारंगच्या तालमी सुरू झाल्या की जळगाव काय आणि धुळे काय, प्रत्येक कॉलेजच्या टीममध्ये एक मुलगा किंवा मुलगी असते, जी नुसती स्टेजवर आली तरी हॉल फुटतो. प्रहसन असो की विडंबन, तिला कायम तोच रोल मिळतो. गंभीर एकांकिकेच्या निवडीत तिने हात वर केला की दिग्दर्शकासकट सगळे हसतात. वर्गातही असा एकजण असतोच. त्याने सांगितलं की घरी प्रॉब्लेम आहे, दोन रात्री झोप नाही, तरी आपण टाळी मागतो.

आपण लक्ष्यावर प्रेम केलं, यात खोटं काही नाही. पण त्याने घाबरायचं, त्याने पडायचं, त्याने मार खायचा आणि आपण हसायचं, हा करार आपण त्याला न विचारताच केला होता. त्याने तो शेवटपर्यंत पाळला. एकदाच, फक्त एकदाच, त्याने वेगळं काही मागितलं होतं. आपण दोन-अडीच तास शांत बसून त्याला बघावं, इतकंच.

तेव्हा प्रयोगाचा दुसरा भाग असा. 'झपाटलेला' संपला की लगेच झोपू नका. 'एक होता विदूषक' शोधा आणि लावा. सुरुवातीला सवयीने हसू येईल, येऊ द्या. मग हळूहळू खोली शांत होईल. ती शांतता त्याला १९९२ सालीच हवी होती. उशीर झालाय, पण त्याची ती उधारी आपल्या पिढीला अजून फेडता येईल.